धाव

कुपवाडच्या रस्त्याला, कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला टेकून
दस्तगीरचाचा शिकलगारांचं रिमोल्डचं शेड होतं.
मी तिथं दोन हंगाम राबलो.
हंगाम म्हणजे उसाचा;
आमचं वर्ष ट्रॉल्यांनी मोजलं जायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक मेलेला टायर
कलिंगडासारखा उभा चिरून दाखवला.
"लोकांना वाटतं नुसतं रबर.
रबर म्हणजे कातडं. आत सगळी वीण आहे, बघ."

कडेला तारेची कडी, रिमला घट्ट धरून बसलेली.
या कडीपासून त्या कडीपर्यंत नायलॉनच्या दोऱ्या,
थरावर थर, एक तिरपा असा तर दुसरा तसा,
बाजेच्या सुंभासारखा.
ट्रकच्या नव्या टायरात पोलादी तारा सरळ उभ्या,
वरून नक्षीखाली पट्टे, कमरेला शेला आवळावा तसे.
मग काजळी, गंधक, आणि साच्यातली धग.
तोवर बोटाला चिकटणारं रबर
तिथून बाहेर येतं ते रस्त्याच्या लायकीचं होऊन.

टायरच्या बाजूला ते कूस म्हणायचे.
"नक्षी झिजली तर दिसते.
खिळा घुसला तर फुसफुसतो.
कूस बोलत नाही.
हवा कमी असली की फेऱ्याला एकदा वाकते,
सरळ होते, परत वाकते.
कवलापूरपासून कारखान्यापर्यंत किती वेळा, मोज.
वाकून वाकून ऊन होते,
आणि दोरीचं रबराशी पटेनासं होतं.
आत वेगळं राहायला लागतात दोघं.
वरून काही कळत नाही.
मग लोक म्हणतात, अचानक फुटला."

आलेला प्रत्येक टायर ते हातोडीच्या दांड्यानं ठोकत,
मान कलती करून.
आवाज पोकळ आला
की आतून पिवळ्या खडूची फुली.
फुलीवर अपील नव्हतं.

फेब्रुवारीत बामणीचा कोळेकर आला,
कारखाना बंद व्हायला पंधरा दिवस राहिलेले.
फुली बसली. चाचा रबर आणायला मिरजेला गेले.
कोळेकरनं दोनशेची नोट माझ्या खिशात सरकवली.
"पूस की रे. वरचा पट्टा तर नवाच घालायचाय."

पेट्रोलचा बोळा. तीन हिसके.

संध्याकाळी साच्यातून निघालेल्या सात टायरांत
तोच सगळ्यांत देखणा होता.

अकराव्या दिवशी बुधगावच्या कालव्याजवळ ट्रॉली कलंडली.
रस्ताभर ऊस. पोरं कांडकी पळवत होती.
ड्रायव्हर निवासचा हात कोपरापासून चेचला.

टायर पोत्यातून परत आला.
आमचा पट्टा अख्खा होता, साल सोलावी तसा निघालेला.
खाली दोऱ्या पिंजलेल्या, कापसासारख्या.
चाचांनी तो आतून उलटा केला.
खडू गेला होता,
पण मळक्या रबरावर पुसलेली जागा तेवढी स्वच्छ होती,
तळहाताएवढी.
तिच्यावर अंगठा ठेवून ते बराच वेळ बसले.

मग म्हणाले,
"बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची.
लोहार लाल करून बसवायचा, पाण्यानं आवळायचा.
सैल झाली की खडखडायची.
अख्ख्या गावाला कळायचं, याची धाव ढिली झालीय."
एवढंच. चप्पल घातली,
निवासला बघायला दवाखान्यात गेले.
मला कामावरून काढलं नाही.
ते काढते तर बरं झालं असतं.

आता तासगावच्या नाक्यावर माझा कॉम्प्रेसर आहे.
द्राक्षांच्या गाड्या येतात, घाईच्या, रात्रीच्या.
मी काटा बघतो, पण आधी
तळहात कुशीला लावतो.
ऊन लागली तर म्हणतो, थांब जरा, निवू दे.
ड्रायव्हर शिव्या घालतो.
चहाचे पैसे माझे, म्हणतो.